विश्लेषण : लायबेरियातील रुग्णवाहिका कुणाच्या डिझेलवर धावत होत्या?

अमेरिकेची परदेशी मदत वाटणारी ‘यूएसएड’ ही संस्था १ जुलै २०२५ रोजी इतिहासजमा झाली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर या मदतीवर सर्वाधिक अवलंबून असलेला देश होता पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया. मदत द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याचा. याविषयी वाद नाही. पण ज्या देशाच्या कारभारात दोनशे वर्षे हात घातला, तेथून असे एका फटक्यात निघून जाता येते का?

‘इंग्रजी कुठे शिकलात?’

९ जुलै २०२५ रोजी व्हाइट हाऊसमध्ये आफ्रिकेतील पाच देशांचे अध्यक्ष जेवणाला होते. लायबेरियाचे अध्यक्ष जोसेफ बोआकाई यांचे भाषण झाल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्या इंग्रजीचे तोंडभरून कौतुक केले आणि एवढे चांगले इंग्रजी कुठे शिकलात, असे विचारले. बोआकाई थोडेसे हसले. ते लायबेरियातच शिकले आहेत, आणि इंग्रजी ही त्या देशाची १८४७ पासूनची राजभाषा आहे. लायबेरियाची स्थापनाच अमेरिकेतून जहाजाने आलेल्या माणसांनी केली. राजधानी मनरोव्हियाला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांचे नाव आहे आणि राष्ट्रध्वज म्हणजे अमेरिकेच्या ध्वजाची एकाच ताऱ्याची आवृत्ती.

या प्रसंगावर समाजमाध्यमांत दोन दिवस विनोद झाले. पण हा निव्वळ विनोदाचा विषय नव्हता. यूएसएड बंद होऊन त्या दिवशी जेमतेम आठवडा झाला होता. ज्या देशाची मदत सर्वाधिक प्रमाणात तोडली, तो देश कोणता आणि आपला त्याच्याशी संबंध काय, हेच तोडणाऱ्याच्या ध्यानात नव्हते.

असे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १९८२ मध्ये लायबेरियाचे तेव्हाचे लष्करी सत्ताधीश सॅम्युएल डो व्हाइट हाऊसमध्ये आले असता अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांची ओळख ‘चेअरमन मो’ अशी करून दिली होती. फरक एवढाच की रेगन नाव चुकले, तरी पैसे देत होते.

नेमके काय थांबले?

२० जानेवारी २०२५ रोजी सत्तेवर येताच ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे जाहीर केले. उरलेसुरले परराष्ट्र खात्यात विलीन झाले. अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात परदेशी मदतीचा वाटा साधारण एक टक्का असतो. तेथील करदात्याला हा बदल जाणवणारही नाही.

लायबेरियात मात्र तो पहिल्या महिन्यापासून जाणवला. वॉशिंग्टनमधील ‘सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट’ या अभ्यास संस्थेच्या हिशेबानुसार यूएसएडचा पैसा हा लायबेरियाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.६ टक्के होता. जगातील कोणत्याही देशापेक्षा हे प्रमाण अधिक. आरोग्याच्या तरतुदीत तर अमेरिकी पैशाचा वाटा जवळपास निम्मा होता. 

आकडा नजरेसमोर येण्यासाठी एक घरगुती माप घेऊ. लायबेरियाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबावन्न लाख. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. या अख्ख्या देशाच्या सरकारचा २०२५ चा अर्थसंकल्प सुमारे ८८ कोटी डॉलरचा होता, म्हणजे साडेसात हजार कोटी रुपयांच्या आसपास. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प आहे ७४,४२७ कोटी रुपयांचा. थोडक्यात, आपल्या एका महापालिकेच्या एक दशांश पैशात त्यांना लष्कर, पोलीस, न्यायालये, शाळा, रस्ते, दवाखाने आणि परदेशांतील दूतावास हे सगळे चालवायचे आहे.

मग बंद काय पडले? बाँग काउंटीसारख्या ग्रामीण भागातून आलेल्या बातम्यांमध्ये दिसते ते अगदी साधे आहे. रुग्णवाहिका जागेवर आहे, पण डिझेलला पैसे नाहीत. दवाखान्याची इमारत आहे, परिचारिका आहे, पण हिवतापाच्या गोळ्या आणि गर्भनिरोधके संपली आहेत. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याने पायी दवाखाना गाठलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागते, आणि काही महिन्यांनी तीच बाई नको असलेल्या बाळंतपणासाठी येते. आपल्याकडच्या आशा सेविकांसारखे, गावातल्या गावात काम करणारे मानधनावरील आरोग्य कर्मचारी लायबेरियाने २०१६ पासून देशभर नेमले. रस्त्यापासून दूर असलेल्या वस्त्यांमध्ये आजारी मुलाला पहिल्यांदा तपासणारे तेच. त्यांच्या मानधनाचा आणि औषधपेटीचा मोठा भार देणगीदारांवर होता.

‘द लॅन्सेट’मध्ये २०२५ च्या जूनअखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने यूएसएडच्या कपातीमुळे २०३० पर्यंत जगभरात १ कोटी ४० लाख जादा मृत्यू होतील, असा अंदाज मांडला. असे अंदाज गृहीतकांवर उभे असतात, ते कमीजास्त होऊ शकतात. पण त्यांची दिशा चुकीची आहे, असे कुणी गंभीरपणे म्हटलेले नाही.

अमेरिकेचीच जबाबदारी का?

हा प्रश्न रास्त आहे. जगात गरीब देश पुष्कळ. प्रत्येकाची जबाबदारी वॉशिंग्टनवर कशी टाकता येईल? पण लायबेरियाचे प्रकरण वेगळे आहे, आणि ते वेगळे का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१८१६ मध्ये अमेरिकेत ‘अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवायचे, हा तिचा उद्देश. काहींना त्यात परोपकार दिसत होता. अनेक गोऱ्या मालकांना मुक्त कृष्णवर्णीय माणसे डोळ्यांसमोर नको होती. १८२२ पासून वसाहत सुरू झाली, १८४७ मध्ये लायबेरिया स्वतंत्र झाला आणि ज्या देशातून ही माणसे आली त्या अमेरिकेने त्याला मान्यता दिली थेट १८६२ मध्ये. आलेले लोक लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर. पण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सत्ता त्यांच्याच घराण्यांत राहिली. किनाऱ्यामागच्या मुलखातील मूळ रहिवाशांना मतदानाचा हक्क मिळायला १९४६ उजाडले. अमेरिकेत आपल्याला जे भोगावे लागले तेच इथे दुसऱ्याच्या वाट्याला देणारी ही मंडळी होती. तेव्हा लायबेरियाच्या दुखण्याचे सगळे खापर परक्यांवर फोडून चालणार नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. १९२६ मध्ये टायर बनवणाऱ्या फायरस्टोन कंपनीने लायबेरियाशी करार केला. १० लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांसाठी, एकरी वर्षाला ६ सेंट भाड्याने. सोबत ५० लाख डॉलरचे कर्ज, ७ टक्के व्याजाने. आणि ते फिटेपर्यंत देशाच्या तिजोरीवर नजर ठेवायला अमेरिकी आर्थिक सल्लागार. (तो मूळ करार जसाच्या तसा राहिला असता तर त्याची मुदत २०२५ मध्येच संपली असती. मध्यंतरी तो अनेकदा बदलला, वाढवला गेला आणि कंपनी जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली. रबराचा मळा आजही आहे.) दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या आणि ट्रकच्या टायरसाठी नैसर्गिक रबर जिथून येत राहिले, त्या मोजक्या ठिकाणांपैकी लायबेरिया एक. आज देशाचा मुख्य विमानतळ असलेले रॉबर्ट्सफील्ड अमेरिकेने त्याच युद्धासाठी बांधले.

मग शीतयुद्ध आले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे आफ्रिकेसाठीचे प्रक्षेपण केंद्र, जहाजांना दिशा दाखवणारा ‘ओमेगा’चा उंच मनोरा, दळणवळणाची यंत्रणा हे सगळे लायबेरियाच्या भूमीवर. १९८० च्या एप्रिलमध्ये सॅम्युएल डो या सार्जंटने अध्यक्ष विल्यम टोलबर्ट यांना ठार करून सत्ता घेतली. दहा दिवसांनी १३ मंत्री व अधिकाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या पाचेक वर्षांत अमेरिकेने या राजवटीला सुमारे ५० कोटी डॉलर दिले. १९८५ ची निवडणूक डोने उघडपणे लुबाडली, तरी वॉशिंग्टनने ती आफ्रिकेच्या मानाने बरी ठरवली. शीतयुद्ध संपत आले तशी डोची किंमत संपली. १९८९ च्या नाताळात चार्ल्स टेलरचे बंडखोर देशात घुसले. १९९० मध्ये मनरोव्हियात कत्तल सुरू असताना अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यापलीकडे उभ्या होत्या. त्यांनी आपले आणि इतर परदेशी नागरिक उचलले. रस्त्यावर उतरले ते नायजेरियाच्या नेतृत्वाखालील पश्चिम आफ्रिकी देशांचे सैन्य.

मधली काही वर्षे सोडली तर २००३ पर्यंत चाललेल्या या यादवीत अडीच लाखांपर्यंत माणसे मेल्याचे मानले जाते. डोच्या काळातले कर्ज आणि त्यावर साचलेले व्याज मात्र शिल्लक होते. ज्यांनी ते घेतले ते मेले, ज्यांनी दिले त्यांच्या वह्यांत ते वाढत राहिले. २०१० मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या सरकारने ४६० कोटी डॉलरचे कर्ज माफ करून घेतले, तेव्हा तो देणेकऱ्यांचा मोठेपणा म्हणून मिरवला गेला. हुकूमशहाला दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क मुळात होता का, हे कुणी फारसे विचारले नाही.

म्हणून लायबेरियाला जाणाऱ्या अमेरिकी पैशाला ‘दान’ हा शब्द पुरेसा नाही. तो एका जुन्या व्यवहाराचा शेवटचा, आणि त्यातल्या त्यात बरा, हप्ता होता.

मदतीने खरेच भले झाले का?

इथे मदतीच्या टीकाकारांचे म्हणणे नीट ऐकायला हवे, कारण ते बरेचसे खरे आहे.

इबोलाचे उदाहरण सर्वांत बोलके. २०१४ मध्ये साथ आली तेव्हा चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या लायबेरियात डॉक्टर होते सुमारे ५०. साथीत तेथे ४,८०० हून अधिक माणसे गेली. अमेरिकेने जवळपास तीन हजार सैनिक पाठवले आणि ११ उपचार केंद्रे उभारली. ती उभी राहीपर्यंत साथ ओसरत आली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नंतर हिशेब मांडला : या ११ केंद्रांत मिळून इबोलाचे रुग्ण आले २८. साथ आटोक्यात आली ती मुख्यत्वे वस्त्यावस्त्यांतील लोकांनी आजाऱ्याला हात लावणे, मयताला अंघोळ घालणे, गर्दीने दफन करणे या शतकानुशतकांच्या रीती सोडल्या म्हणून. आईच्या मृतदेहाला हात लावायचा नाही, हे मान्य करायला काय लागले असेल, त्याची नोंद कोणत्याही अहवालात नसते.

दुसरी अडचण पैशाच्या वाटेची. अमेरिकी मदतीचा मोठा भाग लायबेरियाच्या तिजोरीत कधी जातच नसे. तो अमेरिकी कंत्राटदार आणि स्वयंसेवी संस्थांकडे जाई. त्यांची कार्यालये, गाड्या, हिशेबनीस, सल्लागार. कारण दिले जाई भ्रष्टाचाराचे, आणि तेही खोटे नव्हते. परिणाम असा की सरकारी खात्यात चांगले काम करणारा माणूस दुप्पट-तिप्पट पगारावर संस्थेत जाई, सरकारी खाते आणखी दुबळे होई, आणि ते दुबळे आहे म्हणून पुढचा पैसा पुन्हा संस्थेकडे. औषधे कुठून मागवायची, गोदामात किती आहेत, कोणत्या दवाखान्याला कधी पोहोचवायची ही माहिती प्रकल्पाच्या संगणकांत राहिली. प्रकल्प बंद, संगणक बंद.

उलट बाजूही आहे. मनरोव्हियाजवळचे माउंट कॉफी जलविद्युत केंद्र १९६० च्या दशकात अमेरिकी पैशातूनच उभे राहिले होते. यादवीत ते उद्ध्वस्त झाले, यंत्रांचे तांबे-लोखंड चोरीला गेले. नॉर्वे, जर्मनी, युरोपीय गुंतवणूक बँक आणि अमेरिकेच्या ‘मिलेनियम चॅलेंज’ निधीतून ते पुन्हा बांधले गेले आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले. क्षमता ८८ मेगावॉट, आणि उन्हाळ्यात नदीला पाणी नसले की तीही नाही. तरीही देणगीदार निघून गेल्यावर ते जागेवर आहे, लायबेरियाच्या वीज कंपनीच्या ताब्यात आहे. कोणती मदत मागे काहीतरी ठेवून जाते, हे ओळखायला फार मोठा सिद्धांत लागत नाही.

आणि लायबेरियाचे राज्यकर्ते? संसद सदस्यांचे पगार-भत्ते हा तेथील जनतेच्या कायमच्या संतापाचा विषय आहे. बोआकाईंनी जुलै २०२४ मध्ये स्वतःचा पगार ४० टक्क्यांनी कमी केला. चांगले केले, पण एका पगाराने दवाखाने चालत नाहीत. जगातील सर्वांत मोठ्या दोन जहाज-नोंदण्यांपैकी एक लायबेरियाची. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यालगत बुडालेले ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियाचाच ध्वज लावून फिरत होते. त्या नोंदणीचा कारभार मात्र अमेरिकेतील व्हर्जिनियातून चालतो, आणि देशाच्या वाट्याला येतो तो शुल्काचा छोटा तुकडा. खनिज, रबर, जंगल, ध्वज असे सगळे भाड्याने देऊन रोजचा खर्च पाहुण्यांच्या पैशातून भागवायचा, ही सवय राज्यकर्त्यांना लागली होती. जे काम दुसरा करतो आहे, त्यासाठी कर गोळा करण्याचा वाईटपणा कोण घेणार?

मग बंद झाली ते बरेच झाले?

‘कुबड्या काढल्याशिवाय चालायला शिकणार नाहीत’ हे वाक्य २०२५ मध्ये खूप ऐकू आले; आफ्रिकेतील काही नेत्यांकडूनही. त्यात तथ्य आहे. पण कुबड्या कशा काढायच्या, याचे उदाहरण लायबेरियातच आहे आणि ते फार जुने नाही.

२००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य लायबेरियात उतरले. जोर असताना त्यात सुमारे १५ हजार सैनिक होते. देशाचे स्वतःचे लष्कर आणि पोलीस जवळजवळ उरलेच नव्हते. हे सैन्य परत गेले, पण टप्प्याटप्प्याने. आधी लष्कर आणि पोलीस नव्याने घडवले. मग एकेका भागाची जबाबदारी स्थानिकांकडे दिली. इबोला आला तेव्हा वेळापत्रक पुढे ढकलले. ३० जून २०१६ रोजी संपूर्ण सुरक्षा औपचारिकरीत्या लायबेरियाच्या हाती आली. २०१७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या बंदोबस्तात पार पाडली. १९४४ नंतर प्रथमच एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्या निवडून आलेल्या अध्यक्षाकडे शांतपणे सत्ता दिली. फुटबॉलपटू जॉर्ज विआ अध्यक्ष झाले, आणि त्यानंतर, ३० मार्च २०१८ रोजी मोहीम बंद झाली. शेवटचा शिपाई गेला तेव्हा काही बिघडले नाही. सहा वर्षांनी विआ हरले, त्यांनी हार मान्य केली आणि बोआकाई आले.

या मोहिमेत भारताचाही वाटा होता. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी मनरोव्हियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील ती पहिली सर्व-महिला पोलीस तुकडी. ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत तिथे राहिली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर पहारा आणि रात्रीची गस्त ही त्यांची मुख्य कामे. त्यांना पाहून लायबेरियाच्या पोलीस दलात येणाऱ्या मुली वाढल्या, असे सरलीफ यांनी आणि संयुक्त राष्ट्रांनीही वारंवार सांगितले.

सैन्य काढायला जे जमले ते औषधे काढायला का जमू नये? तीन वर्षांचे वेळापत्रक, दरवर्षी ठरावीक टक्के कपात, गोदामांची आणि नोंदींची सुपूर्द, कर्मचाऱ्यांचे पगार हळूहळू सरकारी तिजोरीवर. यात अवघड काही नव्हते आणि महागही काही नव्हते. जे झाले ते कामबंदीच्या नोटिशीसारखे. ब्रिटननेही फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले, पण मुदत दिली २०२७ ची. श्रीमंत देशांनी ०.७ टक्के द्यावेत हा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९७० चा. तो पाळणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कपात ब्रिटननेही केली आणि तिच्यावर टीका व्हायलाच हवी. पण दोन वर्षांची सूचना मिळालेला आरोग्यमंत्री निदान कागदावर आकडेमोड करू शकतो.

यात आपला संबंध कुठे येतो?

भारताचा संबंध मदतीपेक्षा ताटातून येतो. लायबेरियाचा माणूस दिवसातून एकदा तरी भात खातो, आणि खाल्ला नाही तर जेवलो नाही म्हणतो. कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. देशात पिकणारा तांदूळ पुरत नाही; आयात होणाऱ्या तांदळाचा सर्वांत मोठा भाग भारतातून जातो, तोही मुख्यतः उकडा.

तिथे तांदळाचा भाव हा सत्तेचा प्रश्न असतो. १९७९ च्या एप्रिलमध्ये सरकारने तांदळाच्या पोत्याचा दर वाढवण्याचा नुसता प्रस्ताव मांडला. मनरोव्हियात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात अनेक जण मेले. बरोबर एक वर्षाने टोलबर्टांचे सरकार गेले. तेव्हापासून लायबेरियाचा प्रत्येक अध्यक्ष पोत्याच्या दराकडे डोळे लावून असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने तुकडा तांदळाची निर्यात बंद केली, जुलै २०२३ मध्ये बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची. ऑगस्ट २०२३ मध्ये उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लावले. आपल्याकडे निवडणुकांचे दिवस होते, पावसाची चिंता होती, घरातला भाव आवाक्यात ठेवायचा होता. निर्णय समजण्यासारखा होता. पण पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत त्या शुल्काचा अर्थ काय होईल, यावर आपल्याकडे कितीशी चर्चा झाली? मराठी वृत्तपत्रांतही बातमी होती ती निर्यातदारांच्या आणि शेतकऱ्यांच्या नुकसानीची. ज्याच्या ताटातून तो तांदूळ जाणार होता तो बातमीत नव्हताच. ट्रम्प यांना लायबेरियाची भाषा माहीत नव्हती म्हणून आपण हसलो; आपला तांदूळ तिथे जातो हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते?

लोहखनिजाची कथा थोडी निराळी. निंबा पर्वतातील येकेपा खाण आणि तिथून बुकॅनन बंदरापर्यंतचा रेल्वेमार्ग लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीकडे आहे. कंपनी भारतीय नाही, पण नाव वाचून आपली छाती फुगते. २००५ मध्ये निवडून न आलेल्या हंगामी सरकारशी केलेला मूळ करार देशाच्या हिताचा नव्हता, अशी टीका ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेने केली. सरलीफ सरकारने पुन्हा वाटाघाटी केल्या आणि २००६ च्या अखेरीस करार बदलून घेतला. यादवीतून नुकताच उठलेला, तिजोरी रिकामी असलेला देश कंपनीसमोर बसून अटी बदलवू शकतो, हे त्यातून दिसले. मदतीच्या कोणत्याही प्रकल्पाने लायबेरियाला एवढे शिकवले नसेल.

पुढे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने ‘अमेरिका फर्स्ट’ नावाचे जागतिक आरोग्य धोरण जाहीर केले आणि वर्षअखेरीस आफ्रिकेतील अनेक देशांशी, लायबेरियासह, पाच वर्षांचे आरोग्य करार सुरू केले. मध्यस्थ संस्था कमी करायच्या, पैसा सरकारी यंत्रणेकडे द्यायचा आणि त्या त्या सरकारने दरवर्षी आपला वाटा वाढवायचा, अशी त्यांची रचना आहे. गंमत अशी की हीच मागणी मदतीचे जाणकार वीस वर्षे करत होते. ती मान्य झाली, पण आधी सगळे मोडून, माणसे घरी पाठवून आणि मधले एक वर्ष रिकामे घालवून. कागदावरची रचना योग्य आहे. तिची परीक्षा होईल ती पहिला हप्ता वेळेवर येतो का, आणि लायबेरियाची संसद आपल्या वाट्याचा पैसा खरोखर मंजूर करते का, यावर.

दरम्यान वॉशिंग्टनला लायबेरिया आठवला तो वेगळ्याच कामासाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये, एल साल्वाडोरमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेला नको असलेल्या एका स्थलांतरिताला लायबेरियात पाठवण्याचे ट्रम्प प्रशासनाने ठरवले. त्या माणसाचा लायबेरियाशी काडीचाही संबंध नव्हता. मनरोव्हियाने ‘मानवतेच्या भूमिकेतून’ होकार दिला; पाठवणी अमेरिकी न्यायालयात अडकली. नको असलेली माणसे जहाजात बसवून याच किनाऱ्यावर पाठवण्याची कल्पना अमेरिकेला १८१६ मध्येही सुचली होती.

जानेवारी २०२६ पासून लायबेरिया दोन वर्षांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य आहे. ज्या परिषदेने १५ वर्षे आपल्या देशात सैन्य ठेवले आणि वेळापत्रक आखून परत नेले, तिथे आता लायबेरियाचा प्रतिनिधी मतदान करतो. इतर देशांतील शांतिमोहिमा कधी आणि कशा बंद करायच्या, हा विषय त्याच्यासमोर येणार आहे; आणि पैशाअभावी त्या घाईने गुंडाळण्याचा सर्वाधिक आग्रह अमेरिकेचाच आहे.